लांब शब्दांची भीती आणि ‘गुणवत्ते’ची मक्तेदारी

‘तुमच्या मुलांना विज्ञान झेपत नाही.’ हे वाक्य आम्ही अमरावतीत आणि अकोल्यात इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येणेही कमी झाले आहे. कोणी ते सहानुभूतीने म्हणतो, कोणी आरक्षणाला शिवी द्यायची म्हणून म्हणतो. दोघांचा निष्कर्ष मात्र एकच असतो: दोष मुलांच्या डोक्यात आहे. आमचे म्हणणे असे की दोष डोक्यात नाही. तो बऱ्याचदा एका अगदी लहान गोष्टीत आहे, जी शाळेत कोणी शिकवत नाही आणि जी काही घरांत न शिकवता मिळते. ती गोष्ट म्हणजे इंग्रजीतला लांब शास्त्रीय शब्द कुठे तोडायचा आणि त्यातल्या कोणत्या तुकड्यावर जोर द्यायचा. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण वाचकांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग ठरवावे.

आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी अमरावतीच्या एका वस्तीतल्या बुद्धविहारात आणि महिन्यातून दोनदा अकोल्यात अकरावी-बारावी विज्ञानाच्या आणि कृषी पदवीच्या मुलामुलींसाठी अभ्यासवर्ग घेतो. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, एक कृषी पदवीधर आहे, एक परिचारिका ताई आहेत. येणारी बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. शाळा जिल्हा परिषदेची नाहीतर खेड्यातली अनुदानित. दहावीत पेशी, गुणसूत्र, तंतुकणिका, हरितद्रव्य शिकलेली ही पोरे अकरावीला जातात आणि एका उन्हाळ्यात सगळी नावे बदलतात. सेल ठीक आहे. पण माइटोकॉन्ड्रिया, क्लोरोफिल, फोटोसिंथेसिस, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम ही गाडी एकदा सुरू झाली की मागच्या बाकावर शांतता पसरते. पोरगा पुस्तक वाचतो, अर्थही बराचसा कळतो, पण तो शब्द तोंडातून काढायची हिंमत होत नाही. शब्द निघत नाही म्हणून प्रश्न विचारला जात नाही. प्रश्न विचारत नाही म्हणून सर समजतात, याला काही येत नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची तोंडी परीक्षा झाली. महाविद्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे कुठेही घडते. सूक्ष्मदर्शकाचे सगळे काम तिला येत होते. काच कशी तयार करायची, रंग किती थेंब, भिंग कोणते. तिने ‘मायक्रो-स्कोपी’ असा शब्द उच्चारला, सरळ स्पेलिंग वाचावे तसा. समोरच्या परीक्षकाने तिचा शब्द तिच्याच सुरात परत म्हटला आणि शेजारच्याकडे पाहून हसला. पुढच्या दोन प्रश्नांना ती गप्प राहिली. उत्तरे तिला येत होती, ती तिने आम्हाला त्याच संध्याकाळी धडाधड सांगितली. गुण कापले गेले ते सूक्ष्मदर्शकाचे. कापले कशासाठी? जोर चुकीच्या तुकड्यावर दिला म्हणून.

आता हा जोर म्हणजे काय ते पाहू, कारण भीती नेहमी अंधारातच वाढते.

मराठीत आपण शब्दाच्या सगळ्या तुकड्यांना साधारण सारखे वजन देतो. जोर बदलला म्हणून मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत तसे नाही. तिथे प्रत्येक लांब शब्दात एक तुकडा मालक असतो. तो मोठ्याने, ठसठशीत उच्चारला जातो आणि बाकीचे तुकडे दबून जातात, इतके की त्यांच्यातला ओ किंवा ए घासून नुसता ‘अ’ उरतो. ‘एक्स्ट्रॅक्ट’ हा शब्द घ्या. जोर पहिल्या तुकड्यावर दिला की निंबोळी अर्कातला अर्क, दुसऱ्यावर दिला की अर्क काढणे. आणि त्या मुलीचा शब्द? यंत्र म्हणताना ‘माय’-क्र-स्कोप, विद्या म्हणताना माय-‘क्रॉ’-स्क-पी, विशेषण म्हणताना माय-क्र-‘स्कॉ’-पिक. एकाच घरातले तीन शब्द आणि तिघांचा जोर तीन ठिकाणी. स्पेलिंगमध्ये याची एकही खूण नाही. ज्याने हे घरात ऐकले नाही त्याला हे कसे कळावे?

गंमत अशी की याला नियम आहेत आणि ते थोडे आहेत. शब्दाच्या शेवटी ‘शन’ आला, म्हणजे टी-आय-ओ-एन, की जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर. अंकुरण म्हणजे जर्-मि-‘ने’-शन, फलन म्हणजे फर्-टि-लाय-‘झे’-शन, बाष्पोत्सर्जन म्हणजे ट्रान्स-पि-‘रे’-शन. शेवटी ‘इक’ आला तरी तेच: ज-‘ने’-टिक, फो-टो-सिन्-‘थे’-टिक. शेवटी ‘लॉजी’, ‘ग्राफी’, ‘मेट्री’, ‘इटी’ आले की मागून तिसऱ्या तुकड्यावर जोर: बाय-‘ऑ’-ल-जी, प-‘थॉ’-ल-जी, एन्-ट-‘मॉ’-ल-जी, ह्यू-‘मि’-डि-टी. अपवाद आहेत. ‘आर्’-स-निक हा ‘इक’चा नियम मोडतो. पण अकरावीच्या जीवशास्त्रातल्या लांब शब्दांचा मोठा गठ्ठा या दोन-तीन नियमांत बसतो. आम्ही हे दोन रविवारांत शिकवतो. तिसऱ्या रविवारी मुले एकमेकांना नवे शब्द देऊन पकडू लागतात.

तुकडे पाडण्याचे तर आपल्याला वावडे असण्याचे कारणच नाही. आपली लिपीच तुकड्यांची आहे. आपण ‘प्रकाशसंश्लेषण’ लिहितो तेव्हा सात अक्षरे लिहितो आणि बोलतो तेव्हा पाचच तुकडे पाडतो: प्र-काश-सं-श्ले-षण. आता फो-टो-‘सिन्’-थि-सिस मोजा. तेही पाचच. जो मुलगा सातवी-आठवीत प्रकाशसंश्लेषण हा जोडाक्षरांचा डोंगर चढून आला, त्याला फोटोसिंथेसिस झेपत नाही असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः दोन्ही शब्द दहा वेळा म्हणून पाहावेत. जात्यावर ओवी म्हणणारी आमची आजी कोणत्याही शाळेत न जाता तुकडे मोजत होती. ओवी आणि अभंग हे अक्षरे मोजूनच उभे राहतात. आमच्या गायन पार्ट्यांत ढोलक वाजवणाऱ्या पोराला ठेका कुठे पडतो हे सांगावे लागत नाही. वर्गात आम्ही तेच करतो. शब्द तुकड्यांत म्हणायचा आणि जोराच्या तुकड्यावर टाळी द्यायची. विहारात कोणी नवखा आला तर त्याला वाटते भीमगीतांचा सराव चालला आहे.

कृषीच्या मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. अकोल्याला 1969 साली कृषी विद्यापीठ झाले, त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. शेतमजुराची आणि कोरडवाहू शेतकऱ्याची मुले शेतीचे शास्त्र शिकू लागली ही साधी गोष्ट नाही. पण पिकाचे, किडीचे नाव समोर येते ते लॅटिनमध्ये. ज्या बोंडअळीने आपल्या बापाचा कापूस खाल्ला, तिला पोरगा गुलाबी बोंडअळी म्हणून जन्मापासून ओळखतो. परीक्षेत तिचे नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. इथेही नियम आहे आणि तो आपल्याला मराठी व्याकरणात वृत्ते शिकताना भेटलेला आहे. लघु-गुरू आठवा. मागून दुसरा तुकडा गुरू असेल, म्हणजे त्यात दीर्घ स्वर असेल किंवा तो व्यंजनाने बंद होत असेल, तर जोर त्याच्यावर. तो लघु असेल तर जोर एक पाऊल मागे, मागून तिसऱ्यावर. म्हणून गॉ-सि-पि-‘एल्’-ला, पण पेक्-टि-‘नो’-फो-रा. हिरव्या बोंडअळीचे नाव हे-लि-को-‘व्हर्’-पा आर्-‘मि’-जे-रा, आणि खुद्द कापसाचे गॉ-‘सि’-पि-अम.

कीटकशास्त्रात आणखी एक खोच आहे, ती मुलांना फार आवडते. शब्द अर्थाने एका ठिकाणी तुटतो आणि उच्चाराने दुसऱ्याच. लेपिडो म्हणजे खवले, टेरा म्हणजे पंख. खवलेदार पंखांचे पतंग, ज्यांच्या अळ्या बोंडे पोखरतात. ग्रीकमध्ये पंखाच्या या शब्दाची सुरुवात ‘प्ट’ने होते. अर्थाने तोडले तर ‘लेपिडो’ आणि ‘प्टेरा’. उच्चाराने तोडले तर ले-पि-‘डॉप्’-टे-रा, तो प मागच्या तुकड्याला जाऊन चिकटतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांचा गट हे-‘मिप्’-टे-रा, म्हणजे अर्धे पंख. माशीचा ‘डिप्’-टे-रा, म्हणजे दोन पंख. भुंगेऱ्यांचा को-लि-‘ऑप्’-टे-रा, म्हणजे म्यानातले पंख. स्पेलिंग लक्षात ठेवायचे तर अर्थाने तोडा, बोलायचे तर उच्चाराने तोडा. हे एकदा सांगितले की चार गट चार मिनिटांत पाठ होतात आणि जन्मभर विसरत नाहीत. हे न सांगता ‘घोका’ म्हणणे याला आम्ही शिकवणे मानत नाही.

इथवर कोणी म्हणेल की हा शिकलेल्या पोरांचा प्रश्न झाला. तसे नाही. 2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पाठीवर पंप घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारा मारणारा माणूस कोण असतो, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. तो बहुधा भूमिहीन मजूर असतो. विषाला आपल्याकडे ‘औषध’ म्हणतात, इथूनच फसवणूक सुरू होते. दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, कोणते औषध मारले? उत्तर येते, ‘ते लाल झाकनवालं.’ आमच्या परिचारिका ताईंनी हे उत्तर कितीदा ऐकले याची त्यांनी मोजदाद ठेवलेली नाही.

आता ही नावे तोडून पाहा. मो-नो-क्रो-टो-फॉस. प्रो-फे-नो-फॉस. क्लोर-पाय-रि-फॉस. शेवटचा तुकडा एकच आहे. ‘फॉस’ म्हणजे स्फुरदाच्या घराण्यातले विष, ते नसांच्या कामावर घाव घालते आणि त्यावर दवाखान्यात ॲट्रोपिन देतात. साय-पर-मे-थ्रिन, डेल-टा-मे-थ्रिन, हे ‘थ्रिन’चे घराणे वेगळे. इ-मि-डा-क्लो-प्रिड, ॲ-सि-टा-मि-प्रिड, हे ‘प्रिड’चे आणखी वेगळे. घराणे बदलले की उपचार बदलतो. जोर कुठे दिला याने इथे काही बिघडत नाही, पण शेवटचा तुकडा ओळखता आला आणि सांगता आला तर डॉक्टरचा वेळ वाचतो, आणि विषबाधेत वेळ म्हणजे जीव. रिकामा डबा सोबत न्यावा हे तर सांगावेच. पण डब्यावरचे नाव मजुराला मोठ्याने वाचता यावे, हा त्याचा हक्क आहे. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणाने त्याला एवढेच कळते की विष किती जहाल आहे. ते कोणते विष आहे हे नावाशिवाय कळत नाही.

म्हणजे एकीकडे परीक्षेचे गुण आणि दुसरीकडे जीव, दोन्ही ठिकाणी एका लहानशा विद्येची गरज आहे. ती विद्या अवघड नाही, महाग नाही. मग ती पसरत का नाही?

उत्तर जुने आहे. या देशात उच्चार ही कधीच नुसती तोंडाची गोष्ट नव्हती. वैदिकांनी स्वर आणि आघातांचे स्वतंत्र शास्त्र रचले, त्याला ‘शिक्षा’ असे नाव दिले. ‘इंद्रशत्रु’ या शब्दाची त्यांची कथा प्रसिद्ध आहे. इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ झाला, पण शब्दातला स्वर चुकीच्या ठिकाणी पडला, अर्थ उलटला आणि इंद्रानेच त्या पुत्राला मारले. म्हणजे जोर चुकला तर जीव जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि एवढे महत्त्वाचे शास्त्र ज्यांनी जपले, त्यांच्याच गौतम धर्मसूत्रात शूद्राने वेद ऐकला तर कानात तापलेले शिसे किंवा लाख ओतायला सांगितले आहे. शिक्षा कानाला होती, कारण विद्या कानातून जात होती. जी विद्या लिहिली जात नाही, फक्त ऐकून मिळते, ती ज्याच्या घरात बोलली जाते त्याच्याच घरात राहते. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. 1927 मध्ये याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना खुले करा म्हणून परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. ते दार डोळ्यांना दिसत होते, म्हणून त्याच्यासमोर उभे राहता आले. कानातून जाणाऱ्या विद्येचे दार दिसत नाही. ते बंद आहे हे कळायलाच अर्धे आयुष्य जाते.

आज कोणी कानात शिसे ओतत नाही. आज नुसते हसतात. ज्याची आई डॉक्टर आणि बाप प्राध्यापक, त्या मुलाने ‘मायक्रॉस्कपी’ हा शब्द जेवताना ऐकलेला असतो. त्याला एकही नियम माहीत नसतो, तरी त्याचा जोर बरोबर पडतो. या वारशाला परीक्षेत ‘गुणवत्ता’ म्हणतात आणि तो वारसा नसण्याला ‘झेपत नाही’ म्हणतात. आम्ही नियम शिकवण्याचा आग्रह धरतो तो म्हणूनच. कानाने मिळालेले घरात राहते, नियमाने मिळालेले वाटता येते.

यावर आमच्याच चळवळीतले काही बांधव विचारतात की हे साहेबी उच्चारांचे चोचले कशाला? ज्ञान महत्त्वाचे, उच्चार नव्हे. त्यांचे अर्धे म्हणणे आम्हाला मान्य आहे. ‘शुद्ध’ उच्चार नावाची वस्तू मुळात नाही. प्रयोगशाळेला इंग्लंडमध्ये ल-‘बॉ’-र-ट-री म्हणतात, अमेरिकेत ‘लॅ’-ब्र-टो-री. बारीक नळीला इंग्लंडमध्ये क-‘पि’-ल-री, अमेरिकेत ‘कॅ’-पि-ले-री. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात जोर बदलला तर त्याला फरक म्हणतात, अकोल्यात बदलला तर चूक. 1955 साली बीबीसीने घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत आजही ऐकता येते. कोलंबिया आणि लंडन गाजवून आलेल्या या माणसाने आपला उच्चार भारतीयच ठेवला होता आणि कोणाची हसण्याची छाती झाली नाही. आणि मराठीत तरी वेगळे काय चालते? आमच्या पोरांच्या ‘पानी’ला आणि ‘डोया’ला पुण्या-मुंबईकडचा वर्ग आधीच हसून झालेला असतो. इंग्रजीचे हसू त्याच हसण्याचा दुसरा भाग आहे. संत गाडगेबाबांनी आयुष्यभर वऱ्हाडीतच माणसांना प्रश्न विचारले आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

पण उरलेले अर्धे आम्हाला मान्य नाही. उच्चार शुद्ध नसतो म्हणून तो शिकायचा नाही, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. परीक्षक समोर बसलेला आहे, मुलाखत उद्या आहे, परिसंवादात इतर राज्यांतली माणसे असणार आहेत आणि त्यांना आपला शब्द कळायला हवा. नियम माहीत असलेला मुलगा नियम पाळेल किंवा मुद्दाम मोडेल, तो त्याचा निर्णय. नियम माहीत नसलेल्याला निर्णयच नसतो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यात ‘शिका’ पहिले आहे, ते उगाच नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. अकरावी विज्ञानाचा पहिला आठवडा शब्द तोडायला आणि जोराचे नियम शिकवायला द्यावा. शिक्षकांनी फळ्यावर नवा लांब शब्द लिहिला की तो तुकड्यांत लिहावा आणि जोराच्या तुकड्याखाली रेघ मारावी. याला दहा सेकंद लागतात. शब्दकोशात जोराच्या तुकड्याआधी वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते, ती वाचायला शिकवावी. ती रेघ काय आहे हे पदवीपर्यंत न कळलेली मुले आम्ही रोज पाहतो. तोंडी परीक्षेत गुण विषयाच्या ज्ञानाचे द्यावेत, उच्चाराला हसणाऱ्या परीक्षकाला समज द्यावी. आणि कीटकनाशकाच्या डब्यावरचे नाव मोठ्या अक्षरांत, मराठीत, तुकडे पाडून छापावे.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर आपले विहार आहेत. प्रत्येक विहारात ग्रंथालयाच्या भिंतीवर अकरावीच्या जीवशास्त्रातले पन्नास शब्द तुकडे पाडून, जोर दाखवून लावा. एका मोठ्या कागदाचे आणि एका दुपारचे काम आहे. फवारणीच्या आधी, जून संपेपर्यंत, त्याच भिंतीवर ‘फॉस’, ‘थ्रिन’ आणि ‘प्रिड’ची तीन घराणी लिहा आणि गावातल्या फवारणी करणाऱ्या मजुरांकडून ती मोठ्याने वाचून घ्या. ज्यांना यादी तयार करायला मदत हवी त्यांनी रविवारी दुपारी यावे. येताना आपल्याला अडलेले लांब शब्द सोबत आणावेत.

जय भीम!